शेजारच्या खुर्चीवरचे निंबाभाऊ

निंबाभाऊ रोज सकाळी दहाच्या आत कोणा ना कोणा मेलेल्या माणसाचे डोळे उघडतात. मग चहा पितात.

मी त्यांच्या शेजारी बसते म्हणून मला हे ठाऊक. जळगावात एका कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या मजल्यावर आमच्या जागामालकीण अक्कांच्या यजमानांचे शिकवणीवर्ग चालायचे. ते वारले, तेव्हा अक्कांनी बाकं काढून टेबलं टाकली, एसी बसवला आणि दारावर 'को-वर्किंग' अशी पाटी लावली. ज्यांना साहेब नाही, हजेरी नाही, आणि घरी बसून भिंतींशी बोलायची वेळ आली आहे, अशी आम्ही सात माणसं तिथे आपापले लॅपटॉप घेऊन बसतो. मी मूळची धुळ्याची, इथे मेहरूणला एका खोलीत एकटी राहते. मिक्सर किंवा गिझरच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका असते ना, ती मराठीत मी करते. ती कोणी वाचत नाही. तुम्हीही वाचलेली नाही, मला माहीत आहे.

निंबाभाऊ एरंडोलकडचे. वय साठीच्या आसपास, लग्न केलेलं नाही. धंदा श्रद्धांजलीच्या बॅनरचा. चौकात लागतो तो फ्लेक्स, मोबाईलवर येते ती निधनवार्ता, सुतक फिटल्यावरच्या गंधमुक्तीची पत्रिका, सगळं तेच बनवतात. माणूस गेला की घरचे रडत रडत त्याचा फोटो पाठवतात, आणि तो फोटो कधी म्हणून धड नसतो. लग्नाच्या पंगतीतला असतो, निम्मं तोंड कुणाच्या तरी फेट्यामागे. नाहीतर दवाखान्यातला, डोळे मिटलेला. त्यातून निंबाभाऊ माणूस अलगद कापून काढतात आणि त्याला निळा कोट चढवतात. कोट एकच. आयुष्यभर बंडीत वावरलेल्या अर्ध्या जिल्ह्याने मेल्यावर तोच कोट घातला आहे. एकदा बसमधून मला तो नशिराबादच्या चौकात दिसला आणि ओळखीचं कुणी भेटावं तशी मी हसले. शेजारची बाई जरा सरकून बसली.

आता डोळ्यांचं सांगते. मिटलेले डोळे उघडायचे तर ते आणायचे कुठून? निंबाभाऊ मुलाचा फोटो मागवून घेतात आणि मुलाचे डोळे बापाला बसवतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझा चहा हातात तसाच राहिला. भाऊ म्हणाले, "बापाचेच होते ताई. पोराला वापरायला दिले होते." घरच्यांना यातलं काही कळत नाही. ते फोनवर एवढंच सांगतात की भाऊ, अगदी आमच्याकडेच बघताहेत हो.

जिवंत माणसांशी निंबाभाऊ कामापुरतं बोलतात, तेही शुद्ध. पडद्यावरच्या माणसांशी मात्र भरपूर बोलतात आणि अहिराणीत बोलतात. मे महिन्यात दुपारी बारानंतर जळगावचे रस्ते असे ओस पडतात की कुत्रंसुद्धा दिसत नाही. खाली दुकानांची शटरं ओढलेली, वर एसीची घरघर, आम्ही सगळे आपापल्या कामात मान घालून बसलेले, आणि शेजारून हळू आवाज येतो, "आबा, मान वर करा. मनाकडे देखा. हा, आते बठ्ठं बराबर शे." म्हणजे, माझ्याकडे बघा, हां, आता सगळं बरोबर आहे. एवढंच असतं तर मी सोसलं असतं. पण ते मध्येच थांबतात. समोरचा काहीतरी सांगतोय आणि आपण ऐकून घ्यावं, इतकाच वेळ थांबतात, आणि मग हुंकार देतात. त्या क्षणी मी कधीही त्यांच्या पडद्याकडे बघत नाही.

नवीन कोणी आलं की पहिल्याच दिवशी भाऊ त्याला खिडकीपाशी बसवून मोबाईलवर त्याचा फोटो काढतात. माझाही काढला. "तुमची डावी बाजू चांगली आहे," म्हणाले. अडतीस वर्षांत परक्या पुरुषाने माझ्या चेहऱ्याबद्दल काढलेला हा एकमेव बरा उद्गार, त्यामुळे मी चक्क लाजले होते. त्या लाजण्याची मला अजून लाज वाटते.

एकदा चूक झाली. दोन भावांच्या फोटोतून भाऊंनी थोरल्याऐवजी धाकटा कापला. सकाळभर तो गृहस्थ निळा कोट घालून, गळ्यात हार घेऊन माझ्या उजव्या हाताला पडद्यावर होता. बॅनर छापून गेला, चौकात लागला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी बेल वाजली, मी दार उघडलं, तर समोर तोच माणूस. अक्का आतून विचारत होत्या कोण आहे म्हणून, आणि मला सांगता येईना. तो भांडायला आला असणार असं आम्हाला वाटलं. पण त्याने पाणी मागितलं आणि निंबाभाऊंसमोर बसून स्वतःचा बॅनर पडद्यावर कितीतरी वेळ पाहिला. शेवटी म्हणाला की कोट शोभतोय, मला एक छापून द्या, घरी ठेवीन. भाऊंनी हात जोडून माफी मागितली आणि छापून दिला. त्या दिवशी आम्ही कोणी डबे उघडले नाहीत.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते, ती वेळ माझ्यावर येईपर्यंत. निंबाभाऊ एका बॅनरचा मजकूर मला तपासायला सांगून खाली छपाईवाल्याकडे गेले. मी त्यांच्या खुर्चीवर बसले. पडद्याच्या कोपऱ्यात एक फोल्डर होतं, 'आपली माणसं' नावाचं. उघडायला नको होतं. उघडलं.

आत आमची नावं होती. सगळ्यांची, अक्कांचीसुद्धा. माझ्या नावावर दाबलं तर मीच समोर आले, डावी बाजू किंचित पुढे, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', भोवती झेंडूची नक्षी. जन्मतारीख भरलेली होती. निधनाच्या तारखेपुढची जागा तेवढी रिकामी. आणि मी माझ्याकडेच बघत होते.

डोक्यात सणक गेली. मी अक्कांना आणि वानखेड्यांना हाक मारली. वानखेडे भुसावळहून रोज येतात, कुठल्याशा कंपन्यांची ॲप तपासतात, आणि भूतखेत काही मानत नाहीत. स्वतःचा बॅनर बघून तेही खुर्चीवर टेकले. मग ताडकन उठून म्हणाले की हे फोल्डर आत्ताच्या आत्ता पुसायचं. माझंही तेच म्हणणं होतं. तेवढ्यात निंबाभाऊ वर आले आणि आम्हाला तिघांना त्यांच्या पडद्यापुढे पाहून दारातच थांबले.

मी बरंच बोलले. जिवंत माणसाचं असं करतात का, हा काय चाळा आहे, माझी फाईल माझ्यासमोर पुसून टाका. ते ऐकून घेत होते. माझा दम संपल्यावर त्यांनी विचारलं की खालची ओळ वाचली का.

वाचली नव्हती. बॅनरच्या तळाशी 'शोकाकुल' असं लिहिलेलं होतं आणि पुढे सात नावं. अक्का, वानखेडे, इथली बाकीची माणसं. सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात, निंबाभाऊ.

मग त्यांनी सांगितलं. माझ्या खुर्चीवर माझ्याआधी चौधरी बसायचे, कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करायचे. चार वर्षं दोघे शेजारी. एका सोमवारी चौधरी आले नाहीत, मंगळवारीही नाहीत. गावी गेले असतील असं सगळ्यांना वाटलं. बुधवारी त्यांच्या भावाचा सुरतेहून फोन आला की बॅनर करायचा आहे. फोटो आधारकार्डावरचा. खाली कोणाची नावं टाकू, असं भाऊंनी विचारलं, तर तो म्हणाला, तुम्हाला वाटतील ती टाका.

"मला माझं टाकायचं होतं," निंबाभाऊ म्हणाले. "पण काय म्हणून टाकू? नात्यातला नाही, गावातला नाही. नोकरी एका ठिकाणी असती तर सहकारी तरी म्हटलं असतं. नुसता शेजारच्या खुर्चीवरचा माणूस. मला हिंमत झाली नाही, ताई. त्यांचा बॅनर बिननावाचाच लागला. मी रोज त्याच रस्त्यानं यायचो."

अक्कांनी डोळ्याला पदर लावला. वानखेडे खिडकीबाहेर बघू लागले, बाहेर उन्हाशिवाय काही नव्हतं. खरं सांगते, मला माझीच कीव आली. मेहरूणच्या त्या खोलीत मला काही झालं तर कोणाला कळेल, हा विचार मी रोज रात्री अंथरुणावर पडताना टाळते. आणि इथे या माणसाने माझ्यामागे रडणारी सात माणसं गुपचूप गोळा करून ठेवली होती.

मी विचारलं, "मग तुमचा कुठंय?"

ते आढेवेढे घेत होते. अक्कांनी दटावलं तेव्हा उघडला. फोटो झकास होता, त्यांचा त्यांनीच काढलेला. नाव, गाव, जन्मतारीख, सगळं नीटनेटकं. खाली 'शोकाकुल' आणि पुढे कोरं.

"तुमच्याखाली एकमेकांची नावं टाकली, ती माझ्या मनानं," ते म्हणाले. "पण माझ्याखाली टाकायची तर तुम्हाला विचारायला पाहिजे. दोन वर्षं झाली, ते काही जमलं नाही."

माझी फाईल पुसायचं राहूनच गेलं. मी कीबोर्ड पुढे ओढला आणि माझं नाव टाकलं. अक्कांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, यजमानांच्या नावासकट. वानखेडे म्हणाले की माझं मीच टाकतो, आणि वाकून, एका बोटाने, सावकाश टाकलं. तीन नावांनी ओळ भरून गेली.

निंबाभाऊंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि पडद्याजवळ येऊन ती ओळ दोनदा वाचली.

"अक्षर जरा लहान करा, ताई," ते म्हणाले. "अजून कोणी हो म्हटलं तर जागा पाहिजे."