बझर वाजला, ट्रक पास

अवजड वाहनांच्या हवेच्या ब्रेकची तपासणी वर्षातून एकदा होते, आणि ज्याचे ब्रेक उत्तम त्याला भिण्याचं कारण नाही, अशी ट्रकचालक उस्तादांची बावीस वर्षांची समजूत होती. रोज सकाळी चहाआधी ते ब्रेकच्या हवेच्या टाक्यांत साचलेलं पाणी काढून टाकत. "माझी कधी इतकी विचारपूस केली नाहीत," असं बायको म्हणे. पण घर लांबलचक उताराच्या पायथ्याशी, आणि भरलेला ट्रक रोज त्याच उतारावरून आणायचा. तेव्हा ब्रेकशी वाकडं घेऊन चालणार नव्हतं.

यंदा नवे निरीक्षक आले होते. त्यांच्या टेबलावर नियमपुस्तक होतं आणि ते चक्क उघडलेलं होतं.

उस्तादांच्या पुढचा ट्रक आला तोच कोकलत. नळीला फडकं गुंडाळलेलं, त्यातून हवा फसफसतेय आणि दाब कमी झाल्याचा बझर बोंबलतोय. निरीक्षकांनी समाधानानं मान डोलावून शिक्का मारला.

मग उस्तादांनी आपलं इंजिन चालू केलं.

"बझर ऐकू येत नाही," निरीक्षक म्हणाले.

"साहेब, दाब कमी झाला तर वाजेल ना! हवा पुरेपूर आहे."

"नियम एकशे चार. चालू वाहनात बझर निरीक्षकास स्पष्ट ऐकू यावा. मला आला नाही."

"मग इंजिन बंद करून पेडल आठ-दहा वेळा दाबतो. हवा उतरली की बोंबलेल बघा."

"बंद वाहन हे चालू वाहन नव्हे." निरीक्षकांनी चष्मा पुसला. "माझा तुमच्यावर राग नाही हो. पण गळती नाही म्हणून बझर नाही, आणि बझर नाही म्हणून सुरक्षितता नाही. नापास."

नापास ट्रक रस्त्यावर आणता येत नाही. उस्ताद तोंड पाडून फाटकाबाहेर आले. तिथे एका मेकॅनिकची पाटी होती : 'तपासणीपूर्व गळती करून मिळेल.' त्यानं आत येऊन पान्यानं ट्रकच्या हवेच्या नळीचा सांधा जरासा सैल केला.

"मध्यम ठेवलीय," तो म्हणाला. "साहेबांना फार मोठी आवडत नाही."

पोटच्या पोराला कुणी चिमटा काढावा तसं उस्तादांना झालं.

बझर कोकलला. निरीक्षकांनी दाखला दिला आणि त्या सैल सांध्यावर शिशाचं सील ठोकलं.

"हे कशाला, साहेब?"

"ज्या स्थितीत पास झालं, त्याच स्थितीत वाहन वर्षभर राहिलं पाहिजे. सील तोडलंत तर दाखला रद्द."

त्या दिवसापासून उस्ताद जीव मुठीत धरून उतार उतरू लागले. धीर एवढाच, की बझरच्या बोंबेनं पुढची माणसं बाजूला होत. पायथ्याच्या वसाहतीची दुपारची झोप मात्र उडाली. तीनशे सह्यांची तक्रार गेली. कार्यालयानं कधी नव्हे ते आठ दिवसांत उत्तर धाडलं : 'बझर निरीक्षकास ऐकू यावा असा नियम आहे, नागरिकांस ऐकू यावा अशी तरतूद नाही. सबब बझरची तार काढण्यात यावी. गळतीबाबत कोणाचीही तक्रार नसल्याने ती कायम ठेवण्यात यावी.'

उस्तादांना आलेल्या प्रतीसोबत सह्यांची यादी होती. बायकोची सही नाही ना, हे उस्तादांनी दोनदा तपासलं. नव्हती.

तुमची होती.

आता वसाहतीत छान शांतता आहे. उस्ताद रोज साडेचारला उतार उतरतात. त्या वेळी रस्ता ओलांडणार असाल तर एकदा वर बघून घ्या. ऐकू काही येणार नाही.