वहाबभाईंची न ढकललेली स्पर्धा

वहाबभाई रोज सकाळी स्वतःच्याच पूल पार्लरचं शटर उघडण्याआधी त्यावर टकटक करतात. आत कोणी नसतं, किल्ली त्यांच्याच खिशात असते. तरी टकटक करायची, जरा थांबायचं आणि मग कुलूप काढायचं. नवा माणूस बावचळून विचारतो, "आत कोण आहे?"

"टेबलं हायत ना," वहाबभाई म्हणतात. "तुम्ही कुणाच्या घरात असंच घुसता का?"

मी नांदेडला एका बँकेत कारकून आहे आणि संध्याकाळी वहाबभाईंच्या पार्लरमधला सर्वांत वाईट खेळाडू आहे. पांढऱ्या बॉलनं दुसरे बॉल भोकात घालायचे असतात. माझा पांढराच आत जातो. वहाबभाई याला कधी हसले नाहीत. "बॉलची मर्जी," एवढंच म्हणतात. घाई मात्र त्यांना खपत नाही. कुणी झटपट मारायला वाकला की मागून आवाज येतो, "बाहेर बारात थांबली हाय का?" एकदा एका फौजदारसाहेबांनाही त्यांनी सुनावलं होतं, "सावकाश साहेब, बॉल फरार होत न्हाई."

दर उन्हाळ्यात ते स्पर्धा घेतात. मुदखेड, नायगाव, लातूरहून खेळाडू येतात, दुपारी सगळ्यांना बिर्याणी असते. या स्पर्धेचा एक कायदा जगात कुठं नसेल: समोरचा आला नाही म्हणून कुणाला पुढं चाल मिळत नाही. तो येईपर्यंत थांबायचं. "समोर कुणी न्हाई म्हणून जिंकायचं? असं तर कबरस्तानात जाऊनबी पहिलवान होता येतं!" एका वर्षी नायगावची एसटी वाटेत बंद पडली आणि अख्खी स्पर्धा थांबली. वाट बघणाऱ्यानं तोवर इतकी बिर्याणी हाणली की खेळायची वेळ आली तेव्हा त्याला टेबलावर वाकता येईना.

यंदा पूलची एक नवी व्यावसायिक लीग आली. संघ, लिलाव, रंगीत जर्सी. फटका मारायला घड्याळ लावलेलं, बॉल आत गेला की ढोल. करारात अट अशी की हंगाम संपेपर्यंत दुसरीकडे खेळायचं नाही, आणि हंगाम नेमका वहाबभाईंच्या तारखांवर. चांगले खेळाडू गेले. ज्यांची निवड झाली नाही, तेही आज ना उद्या बोलावणं येईल म्हणून घरी हात बांधून बसले. दरवर्षी चषक देणाऱ्या कापड दुकानदाराचा फोन आला. "वहाबभाई, यंदा मोठा पडदा लावून लीगच दाखवा. तुमची स्पर्धा ढकला पुढं."

"ढकलायला ती काय बंद पडलेली जीप हाय?" म्हणून वहाबभाईंनी फोन आपटला. त्याच दिवशी बाहेर फलक लागला. तारीख जुनीच, अक्षरं नेहमीपेक्षा दुप्पट मोठी.

गेलेल्यांत बालाजी होता. चाकूरचा शेतकऱ्याचा मुलगा, शिकायला नांदेडला आला आणि वहाबभाईंच्या हाताखाली तयार झाला. डावखुरा. त्याचा फटका बघायला रस्त्यावरची माणसं आत यायची. जाण्याआधी तो विचारायला आला. "चाचा, जाऊ का?"

"विचारून राहिलास म्हंजे ठरलंय तुझं. जा. घड्याळ बघून खेळ."

पोरगा मान खाली घालून गेला. त्यानंतर कुणी त्याचं नाव काढलं की वहाबभाई विचारायचे, "कोण बालाजी? तिरुपतीचा?"

स्पर्धेच्या दिवशी आम्ही उरलेसुरले जमलो. रिटायर झालेले, पोट सुटलेले आणि मी. जोड्या लावल्यावर मी एकटा उरलो, म्हणून मला पहिल्या फेरीत प्रतिस्पर्धीच नव्हता; पहिल्या सामन्यात जो जिंकेल त्याच्याशी माझी गाठ होती. वहाबभाई इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले आणि पहिली हाक दिली. "वहाब, नांदेड! बालाजी, चाकूर!"

कुणीच हललं नाही. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "वहाबभाई, त्यानं नाव दिलेलं नाही."

"म्या दिलं."

"पण तो येणार नाही."

"मग काय चाल घेऊ? मी? माझ्याच घरात?"

त्यांनी पहिला फटका मारला. दोन बॉल घातले, तिसरा चुकला. मग टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले, क्यूची काठी डाव्या हातात घेतली आणि बालाजीचा डाव खेळू लागले. लोक खदखदून हसले. वहाबभाईंनी लक्ष दिलं नाही. उजव्या हातानं स्वतःचे बॉल, डाव्या हातानं त्याचे. डाव्या हातानं नेम धरताना स्वतःशीच पुटपुटायचे, "घाई नको, बेटा." हसणं कधी थांबलं ते कळलं नाही.

शेवटी, जो घालेल तो जिंकेल असा काळा बॉल उरला, भोकाच्या अगदी तोंडाशी, आणि पाळी बालाजीची. माझ्यासारख्यानंही घातला असता. वहाबभाई डावा हात सरसावून वाकले. बराच वेळ तसेच राहिले. मग सरळ झाले.

"हा त्यानंच मारायचा," ते म्हणाले, आणि बॉल होते तिथंच ठेवून टेबलावर चादर टाकली.

स्पर्धा तेव्हापासून थांबलेली आहे. दुकानदार टोमणे मारतो, लीगवाले कुठल्या गावी खेळतात कोण जाणे, आणि मी आयुष्यात प्रथमच दुसऱ्या फेरीत बसलोय. एखादं गिऱ्हाईक चादरीचं टोक उचलायला जातं, तेव्हा वहाबभाई गल्ल्यावरूनच ओरडतात, "हात लावू नका! ते टेबल चालू हाय!"