लटारीभाऊंची दुसरी बॅटरी

लटारीभाऊ बॅटरीची चव घेत. सकाळी चहाच्या आधी बॅटरीच्या दोन तारा जिभेला लावायच्या, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "झकास! मिरचीसारखी झोंबून राह्यली." नाहीतर कपाळाला आठ्या घालून, "आज अळणी हाय."

मी कंपाउंडर, थर्मामीटरवर विश्वास ठेवणारा. एकदा म्हणालो, "भाऊ, यासाठी मीटर मिळतो."

"मीटरले का समजते बाबू? त्यानं कधी जेवण केलं काय?"

पन्नासच्या दशकात चांदा जिल्ह्यात आमचा फिरता दवाखाना मूल, चामोर्शी, अहेरी असा बाजार धरून हिंडे. लष्कराने मोडीत काढलेली गाडी. आत औषधांचं कपाट, फळ्यांचे दोन पलंग आणि एक स्टोव्ह. डॉक्टर बाजाराच्या दिवशी जीपने येत आणि संध्याकाळी जात. लटारीभाऊ ड्रायव्हर. त्यांचा आणि माझा संसार त्या गाडीतच.

त्यांना गर्व एकाच गोष्टीचा. आमची गाडी सुरू करायला कधी पुढून हँडल मारावं लागलं नव्हतं. दुसरा कुणी ड्रायव्हर घामाघूम होऊन हँडल घुमवताना दिसला की हे बटण दाबून गाडी सुरू करत आणि मान बाहेर काढून विचारत, "काऊन भाऊ, दळण चालू हाय काय?" आमच्या हँडलवर त्यांचं धोतर वाळत असे.

आता माझं सांगतो. आरोग्याची भाषणं लोकांना ऐकवायला खात्याने गाडीत रेडिओ बसवला होता. बाजाराच्या दिवशी अर्धा तास वाजवायचा, असा हुकूम. पण दुपारी भाऊ मोहाच्या झाडाखाली आडवे झाले की मी दार लोटून घेई आणि बारीक आवाजात गाणी लावी. रेडिओ गाडीची बॅटरी किती खातो हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

अहेरीला मोठे साहेब तपासणीला आले. भाऊंनी चांद्याला बदली मागितली होती, तिथे त्यांची बायको एकटी राही. साहेब म्हणाले, "आधी गाडी बघतो, मग सही करतो." आदल्या दिवशी मी अख्खी दुपार गाणी ऐकली होती.

भाऊंनी ऐटीत बटण दाबलं. गाडी नुसती कण्हली. धोतर काढून हँडल बाहेर आलं. घुमवून घुमवून भाऊ लाल झाले, पण ठिणगी पडेना. तोवर सगळा बाजार भोवती जमला.

"डाक्टरची गाडीच बिमार पडली काय जी?"

"इले सुई टोचून पाहा ना, लटारीभाऊ!"

शेवटी धान विकायला आलेल्या एका शेतकऱ्याने आपले बैल जुंपले. सरकारी दवाखाना बैलांमागे मिरवत साऱ्या बाजारातून फिरला. टोपल्या उचलून बाया हसत बाजूला होत होत्या. इंजिन धडधडलं तेव्हा बैल असे बिथरले की साहेब वांग्यांच्या ढिगावर बसले.

भाऊ उतरले. तारा जिभेला लावल्या. एकदा माझ्याकडे पाहिलं.

"बॅटरी उतरली कशी?" कपडे झटकत साहेबांनी विचारलं.

"चूक माही हाय साहेब. पाहाले विसरलो."

साहेबांनी शेरा लिहिला: निष्काळजी. बदली गेली. मी शेजारी उभा राहून बाटल्या पुसत होतो. त्या आधीच पुसलेल्या होत्या.

त्यानंतर भाऊंनी कुणाच्या दळणाची चौकशी केली नाही. सगळं लक्ष बॅटरीवर. जंगलाच्या वाटेवर गाडी बैलाच्या चालीने चाले, तेवढ्याने बॅटरी भरणारा डायनॅमो पुरेसा फिरत नाही, बॅटरी उपाशी राहते, हे त्यांचं निदान. त्यांनी लाकूड वाहणाऱ्या एका मोडक्या ट्रकचा मोठा डायनॅमो मिळवला. त्याला इतकी लहान पुली बसवली की तो भिंगरीसारखा फिरला आणि समोरचे दोन्ही दिवे फट्‌कन उडाले. "जास्त जेवला," भाऊ म्हणाले आणि पुली बदलली. मग माझ्या पलंगाखाली खोक्यात दुसरी बॅटरी आली, एका खटक्यासह. गाडी सुरू झाली की खटका वर, थांबली की खाली. हा नेम त्यांनी देवपूजेसारखा पाळला.

"दोन कशाला भाऊ?"

"एक थकली त दुसरी सोबतीले."

गाडी पुन्हा कधी अडली नाही. मीही निर्धास्त झालो आणि दोन-दोन तास गाणी ऐकू लागलो. भाऊ आता मोहाखाली झोपत नसत. मागच्या चाकाला पाठ टेकून बसत. विचारलं तर म्हणत, "हवा पाहून राह्यलो."

दोन वर्षांनी बदली झाली ती माझी. चांद्यालाच. वळकटी काढताना मी ते खोकं प्रथमच उघडलं. बॅटरीची एक तार खटक्यातून डायनॅमोकडे गेली होती. दुसरी सरळ रेडिओला. इंजिनकडे एकही नव्हती. झाकणाच्या आत खडूने लिहिलं होतं: बाबूची.

अहेरीचा तो 'निष्काळजी' शेरा खरा माझ्या नावचा होता. हे कागदावर यायला माझी ऐंशी वर्षं उलटावी लागली. त्या दिवशी मी नुसतं झाकण लावलं आणि वळकटी बांधली.

भाऊ चाकाला टेकून बसले होते. मान न वळवता म्हणाले, "बाबू, जायच्या आधी एक गाणं लावून जा. मले बॅटरी भरता येते, पण तो रेडिओ लावता येत नाई."

मी लावला. त्या गाडीत गाणं पहिल्यांदाच, दार उघडं ठेवून, मोठ्या आवाजात.