नदीच्या पाठात भरीत

केळुसकर सरांनी आयुष्यात एकदाच फुशारकी मारली, आणि तीसुद्धा हळू आवाजात!

"सोमवारी तपासणीचे साहेब येतील ना, तेव्हा माझा वर्ग कान टवकारून बसलेला असेल. बघाच तुम्ही!" ते शिक्षकांच्या खोलीत म्हणाले. सगळे चहात बिस्किटं बुडवण्यात गुंतले होते. एकट्या काळू शिपायानं मान वर केली आणि विचारलं, "काय म्हणालात, सर?"

"काही नाही," सर म्हणाले.

सरांचं दुखणं हेच होतं. त्यांचा आवाज म्हणजे पाणी जात आलेला नळ! फळ्यापासून निघालेलं वाक्य तिसऱ्या बाकापर्यंत जेमतेम पोचायचं आणि तिथंच दमून बसायचं. मागच्या बाकांवर विकी आणि कल्पेश फुली-गोळा खेळत. बावीस वर्षं सर शिकवत होते, त्यातली चार गुजरातच्या सीमेवरच्या सिल्वासात. एकदा, फक्त एकदाच, सगळ्या वर्गानं आपलं ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि १९८७ साली शाळेत टेपरेकॉर्डर आला. एकच आला! शाळेत वर्ग मराठीचेही आणि गुजरातीचेही. मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं, "साहेब दोन्हीकडचे पाठ बघतील. ज्यांचा पाठ चांगला, यंत्र त्यांच्याकडे."

सरांना बटणं फिरवण्यापेक्षा पुस्तकाची पानं उलटण्याची सवय. तरी यंत्र मागून, सायकलच्या कॅरिअरला उशीवर बांधून, ते सामरवरणीच्या चाळीत घेऊन आले. तिथं त्यांची एक खोली होती. खोलीत दोन ट्रंका भरून पुस्तकं, एक स्टोव्ह, एक खाट, आणि एकच कप. लग्न राहून गेलेलं. वेंगुर्ल्याकडच्या घरी भाऊ-भावजय होते, त्यांचं पत्र दिवाळीला यायचं.

शनिवारी संध्याकाळी दार-खिडकी लावून सर यंत्रासमोर बसले. लाल आणि काळं बटण एकदम दाबलं. आवाजाचा खटका पूर्ण वर नेला, कारण आपल्या आवाजाचा त्यांना अजिबात भरवसा नव्हता! मग 'आपली नदी' हा पाठ त्यांनी प्रश्नोत्तरांसह वाचला. प्रत्येक प्रश्नानंतर मुलांना विचार करायला वेळ मिळावा म्हणून मध्ये जागा सोडली. अर्धा तास! घामानं सदरा चिंब!

वाचून झाल्यावर कॅसेट मागे नेऊन त्यांनी ऐकायला घेतली. "मुलांनो," असा एक किनरा, घाबरलेला आवाज आला. अरे देवा, हा मी? सरांनी लाजून घाईघाईनं यंत्र बंद केलं. पुढचं ऐकायचा धीरच झाला नाही.

इथंच घात झाला. कारण भिंतीपलीकडे झिपरू आणि पुतळाबाई राहायची. खानदेशातल्या शहाद्याकडची माणसं. झिपरू राखोलीच्या सूत कारखान्यात, मुलगी रोशनी सरांच्याच वर्गात. भिंत एका विटेची, वर पत्र्याखाली हातभर मोकळी. नवरा-बायको रोज भांडत, पण चार वर्षांत सरांच्या कानांना ते घड्याळाच्या टिकटिकीसारखं झालं होतं. यंत्राच्या कानांना कुठली आलीय सवय!

सोमवारी साहेब आले. सौराष्ट्राकडून नुकतेच बदलून आलेले; मराठीचा गंध नाही. मागच्या बाकाशेजारी खुर्ची टाकून बसले. सरांनी बटण दाबलं.

"मुलांनो, आपल्या गावाजवळून कोणती नदी वाहते?"

थोडी जागा. आणि मग खणखणीत बाईचा आवाज, "परत भरीतच हाय! खायचं तं खा!"

वर्ग ताठ झाला.

"दमणगंगा," टेपमधले सर म्हणाले. "ही नदी आपल्याला काय काय देते?"

"वांगी! दुसरं काय!" पुरुषाचा आवाज. "सोमवारी भरीत, मंगळवारी भरीत! मी माणूस हाय का बकरी?"

"बकरी गुपचूप खाती!"

विकी बाकावर चढला. कल्पेश हसून हसून बाकाखाली गेला. रोशनी मात्र उभी राहून ओरडली, "माझी आई! गुरुजी, यंत्रात माझी आई हाय!"

सरांचे हात बटणांवर नाचत होते. एक दाबलं तर आवाज वाढला! दुसरं दाबलं तर काहीच झालं नाही! टेपमधले सर शांतपणे विचारत होते, "नदीचं पाणी गढूळ का होतं?" आणि पुतळाबाई सांगत होती, "तुमच्या आईनं लाडावून ठेवलं म्हणून!"

मग अचानक पुतळाबाईचा आवाज खाली आला. इतका स्पष्ट की वर्गही गप्प झाला.

"हळू बोला ना. पल्याड गुरुजी हाय."

"कोणाशी बोलू राहिला तो एवढा येळ?"

"कोणाशी बोलन? भिंतीशी! कोणी हाय का त्याला? भाकर देऊन येऊ का?"

"नको. लाजतो तो."

खट्! सरांना शेवटी बंद करायचं बटण सापडलं. वर्गात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं. त्यांनी खडू उचलला, परत ठेवला, परत उचलला.

मागून टाळ्यांचा आवाज आला. साहेब उभे होते! सगळा वर्ग कान देऊन ऐकत होता, एवढंच त्यांना दिसलं होतं.

"बहु सरस! संवादरूपे पाठ! आखो क्लास सांभळतो हतो! आ बेन कोण छे? रेडियोवाळां?"

"शे... शेजारच्या," सर म्हणाले.

"वाह! दर महिने आवी एक केसेट बनावो!"

यंत्र मराठीकडे राहिलं. मुख्याध्यापकांनी सरांची पाठ थोपटली. पण रोशनी शाळा सुटल्यावर घरी पळत गेली होती, आणि सर सायकलवरून पोचेपर्यंत सगळ्या चाळीला कळलं होतं की गुरुजी लोकांचं बोलणं डब्यात भरून सरकारी साहेबाला ऐकवतात.

त्या दिवसापासून चाळ मुकी झाली! नळावर सर आले की बादल्यासुद्धा आवाज न करता भरायच्या. पुतळाबाई पदर तोंडावर धरून खुणांनी बोलायची. पलीकडे भांडणं होत असावीत, पण कुजबुजत. कधीतरी एखादं ताट आपटायचं आणि लगेच "श्शू!" ऐकू यायचं.

सर खाटेवर पुस्तक घेऊन बसत. इथं आल्यावर सुरुवातीला ज्या शांततेसाठी ते तळमळले होते, ती आता मिळाली होती, आणि तिच्यात त्यांना एक पान वाचता येईना. आपण रोज कोणाच्या सोबतीनं जेवत होतो, हे त्यांना आता उमगलं.

दुसऱ्या महिन्याची कॅसेट त्यांनी त्याच शांततेत भरली. विषय डोंगर. एक शब्द इकडचा तिकडे नाही! वर्गात लावली आणि पाच मिनिटांत विकी घोरायला लागला.

"गुरुजी," कल्पेशनं विचारलं, "आज ती बाई नाही?"

त्याच संध्याकाळी सरांनी आयुष्यातलं सर्वात अवघड काम केलं. यंत्र काखेत घेतलं आणि पुतळाबाईचं दार वाजवलं.

"वहिनी," ते म्हणाले, "एक विनंती होती. जरा... भांडता का?"

"काय?"

"नेहमीसारखं. साहेबांना आवडलं होतं. मला... वर्गालाही आवडलं होतं. तुम्ही बोलत नाही तर... फार शांत वाटतं हो."

झिपरू बनियनवर बाहेर आला. नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं.

"असं सांगून भांडता येतं का, गुरुजी?" पुतळाबाई म्हणाली. "अन् तुम्ही भिंतीपल्याड कान लावून बसणार. मला नाही जमायचं. भांडण ऐकायचं तं इथं बसा, डोळ्यापुढं!"

"पण मला पाठ वाचायचाय..."

"यंत्र लावून या. ऐकंल ते एकटं!"

सरांनी आपल्या खोलीत बटणं दाबली, यंत्र ट्रंकेवर ठेवलं आणि परत आले. आत पाट मांडलेला होता. ताटात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर आणि, अर्थातच, भरीत!

"सांगा गुरुजी, तुम्हीच सांगा," झिपरू म्हणाला, "हे भरीत हाय का शिक्षा हाय?"

"खबरदार!" पुतळाबाई कमरेवर हात ठेवून उभी. "गुरुजी खरं बोलतात. बोला!"

सरांनी घास घेतला. कोकणातल्या माणसाला खानदेशी मिरची! डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, उचकी! "चां..." उचकी. "चांगलं..." उचकी. "पण नदी... नदीचं पाणी आणा!" रोशनी तांब्या आणायला धावली. झिपरू मांडीवर थाप मारून हसला, पुतळाबाई भिंतीला टेकून हसली, मग परत दोघं भांडली, मग परत हसली. सर दोन भाकरी जेवून घरी आले.

यंत्र कधीच थांबलं होतं. सरांनी कॅसेट मागे नेली आणि या वेळी मन घट्ट करून शेवटपर्यंत ऐकली. आधी नुसती त्यांची रिकामी खोली. स्टोव्ह नाही, पाऊल नाही, काही नाही. अशी ऐकू येते होय आपली खोली! मग भिंतीपलीकडून भांडण. मग हसणं. त्यात एक आवाज अनोळखी होता; जाड, ओबडधोबड, हिसके देत येणारा, बऱ्याच वर्षांनी सुरू केलेल्या पंपासारखा. हा कोण, म्हणून सरांनी ते तीनदा मागे नेऊन ऐकलं. चौथ्यांदा त्या हसण्याच्या मध्येच उचकी कानावर आली, तेव्हा कळलं. हा मी!

कॅसेटवर पाठाचा एक शब्दही नव्हता. तरी त्यांनी ती वर्गात लावलीच. सगळा वर्ग कान टवकारून बसला.

"गुरुजी," विकीनं विचारलं, "हा मोठ्यानं हसतो तो कोण?"

रोशनीनं तोंडावर हात दाबला. सरांनी तिला डोळ्यांनी गप्प केलं आणि फळ्याकडे वळले.

"आहे एक," ते म्हणाले. "झिपरूभाऊंचा शेजारी."

आणि गंमत म्हणजे, हे मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं!