मास्तरांचे चार दात

"मास्तर तंबोरा खाऊन राहिले का काय?"

दूधवाल्या रामजीनं खिडकीतून हे विचारलं, तेव्हा आम्ही सहा मुली सतरंजीवर हसू दाबत बसलो होतो. मी तारा छेडत होते. लिंबाजीमास्तरांनी डोळे मिटून तंबोऱ्याच्या दांडीला पुढचे दोन दात लावले होते. तोंडात एकूण चारच उरले होते. रामजीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. थोड्या वेळानं दात काढून घेतले, एक खुंटी केसभर पिळली आणि म्हणाले, "बराबर."

कोणी विचारलंच तर म्हणायचे, "लाकूड वाळलं का न्हाई, ते पाहावं लागते." हिंगोलीनं ते मान्य केलं होतं. गाण्याच्या मास्तरला थोडं वेड चालतं, असं गावाचं मत होतं. ते चार दात मास्तर फार जपत. भाकरी दुधात कुस्करून खायचे, उसाकडे नुसते पाहायचे. दातांचा डॉक्टर "काढून टाकू" म्हणाला, हे त्याच्या हातातल्या चिमट्यावरून त्यांना कळलं आणि ते चपला तिथंच सोडून घरी आले.

मास्तर गेले त्याला आता सहा महिने झाले. अठ्ठ्याहत्तर वर्षं जगले. निजामाच्या अमलात एका नाटक कंपनीत पेटीच्या भात्याला तेल लावण्यापासून सुरुवात केली, मग तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं, आणि निवृत्तीनंतर घरीच क्लास काढला. पाच मुलं, अकरा नातवंडं. घरात बाळंतपण असलं की मास्तर पेटी घेऊन दाराबाहेर बसत आणि बाळाच्या पहिल्या रडण्याचा सूर शोधत. स्वयंपाकघराच्या भिंतीवर गेरूनं त्याची नोंद असे: "रमेश, काळी दोन. इंदू, काळी चार, थोडी चढी." पुढं कोणी बेसूर वागलं की म्हणायचे, "जन्मताच सांगितलं होतं मी."

दातांची खरी गोष्ट आता लिहिली तर चालेल, असं त्यांची नात इंदूच म्हणाली. म्हणून लिहिते आहे.

माझ्या वडिलांची बदली सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याच्या कामावर झाली आणि आम्ही हिंगोलीत आलो. मी नागपूरला इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी येत होती, पण ती पुस्तकातली. दुकानात मी "कृपया" म्हटलं, तेव्हा मागून एक बाई म्हणाली, "बातम्या सांगून राहिली का गं पोरगी?" त्या दिवसापासून मी तोंड बंद केलं. आईला वाटलं, गाण्यानं तरी उघडेल. तिनं मला मास्तरांकडे नेलं आणि माझं सगळं भित्रेपण त्यांना सांगितलं. मास्तर म्हणाले, "बराबर," आणि मला तंबोऱ्यावर बसवलं. दीड वर्षात त्यांनी मला एकदाही गायला लावलं नाही. "आमचं विलायती लेकरू" म्हणायचे, तेवढंच.

तंबोरा धरणारी मागे बसते. मागून माणूस वेगळा दिसतो. मला दिसलं की मास्तर कधीच प्रश्नाला उत्तर देत नाहीत. तेच प्रश्न विचारतात, आणि उत्तर मिळालं की "बराबर." शिंप्यानं काही विचारलं, मास्तर "बराबर" म्हणाले, आणि सदऱ्याला तीन खिसे आले. रामजीनं काही विचारलं, मास्तर "बराबर" म्हणाले, आणि घरात चार दिवस कोरा चहा झाला. रस्त्यानं ते भिंतीला खांदा घासत चालायचे आणि दर दहा पावलांनी मागे वळून पाहायचे. पोरं म्हणायची, मास्तरच्या मागं भूत हाय. मी एकदा त्यांच्यामागून येत होते. एक सायकलवाला घंटा वाजवत, ओरडत, त्यांच्या कोपराला घासून गेला. मास्तर भिंतीला पाठ लावून कितीतरी वेळ तसेच उभे राहिले.

मग भिंतीवरची ती यादी. सगळ्यात खाली, त्याच वर्षी जन्मलेल्या पणतूचं नाव होतं. त्याच्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

आणि एक दिवस तंबोऱ्याची खुंटी सुटली. पंचमाची तार इतकी उतरली की मुलींनी तोंडं वेडीवाकडी केली. मास्तर मात्र समाधानानं मान डोलवत शिकवत राहिले. भीतीनं माझी बोटं थांबेनात. शेवटी त्यांनी सवयीनं दांडीला दात लावले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

मुली गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. मास्तर बोलायचे अगदी हळू, बहिऱ्या माणसासारखं मोठ्यानं नाही, त्यामुळे कोणाला शंकाही आली नसती.

"माझा आवाज मला आतून ऐकू येते," ते म्हणाले. "रांजणात तोंड घालून गावं तसा. बाहेरचं काहीच येत न्हाई. दातातनं तेवढा सूर येते. तुला कळलं ना?"

मी "हो" म्हणून मान हलवली.

"माझ्या बापालाबी असंच झालं. वसरीवर बाज टाकून दिली. त्याच्या तोंडावर लोक बोलायचे, म्हाताऱ्याचं आता काही खरं न्हाई. आन तो हसून मान डोलवायचा. नऊ वर्षं, बाई! आमीबी त्याच्याशी बोलणं सोडलं होतं. मीबी." थोडं थांबून म्हणाले, "बाकीच्या पोरी तोंड उघडतात न्हाई का, काय पुसतील म्हून मी नुसता दाराकडं पाहातो. तू बोलत न्हाईस. तुझ्याजवळ बसलं की मला भ्या वाटत न्हाई. घरात सांगू नको."

त्या दिवसापासून त्यांची भीती माझीसुद्धा झाली. कोणी त्यांना मागून हाक मारली की मीच आधी वळायचे.

अशात इंदूचं लग्न ठरलं. घरातल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टका मास्तरांनीच म्हटलेल्या. नको म्हणावं तर घरचे कारण विचारणार. मास्तरांनी युक्ती काढली आणि मला सांगितली. "पयले नवऱ्याकडचा मामा म्हणणार. त्याचं कडवं सरलं की लोक अक्षता टाकतात. अक्षता पडल्या की माझी पाळी. डोळे तर हायेत मला! तू सुरपेटी घेऊन मागं उभी राह्य."

महिन्यापूर्वीच शेजारच्या लग्नात मी पाहिलं होतं की लहान मुलं अक्षतांसाठी कडवं संपायची वाट पाहत नाहीत. हे त्यांना सांगायला हवं होतं. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण हातानं सांगता आलं असतं, पाटीवर लिहिता आलं असतं. आठ दिवस मी ते वाक्य मनात जुळवत होते. आदल्या दिवशी पाटी घेऊन त्यांच्यासमोर गेलेसुद्धा. तेवढ्यात इंदू आली. "काय लिहून राहिलीस गं?" मी पाटी पुसली. "काही नाही."

मांडव भरला. अंतरपाट धरला गेला. नवऱ्याचा मामा धिप्पाड होता आणि एकेक शब्द गिरवून गिरवून म्हणत होता. मास्तरांची नजर लोकांच्या मुठींवर. मी त्यांच्या मागे सुरपेटीचा भाता हलवत होते आणि पुढच्या रांगेतल्या तीन पोरांकडे पाहत होते. त्यातल्या एकानं मूठ उघडली. मग दुसऱ्यानं. पोरांचं पाहून बायकांनी टाकल्या, बायकांचं पाहून पुरुषांनी. मामाचं कडवं अजून अर्ध्यातच होतं.

मास्तरांनी छाती भरून घेतली आणि सुरुवात केली.

दोन आवाज एकमेकांवर आदळले. बँडवाल्याला वाटलं लग्न लागलं, त्यानं ढोल बडवला. अंतरपाट धरणाऱ्यांनी तो अर्धा खाली सोडला, आणि मुहूर्ताआधीच नवरानवरीनं एकमेकांना पाहिलं. इंदूची आई "अगं बाई, अगं बाई" करत धावली. सगळा मांडव हसायला लागला. मास्तर मात्र डोळे मिटून, खणखणीत सुरात, एकटेच म्हणत होते.

मामानं हात वर केला. बँड थांबला. मास्तरांच्या मुलानं त्यांचं मनगट धरलं, तेव्हा तेही थांबले.

"काहो," मामा मोठ्यानं म्हणाला, "ह्या म्हाताऱ्याला कान हायेत का न्हाई?"

हसणं एकदम थांबलं. मास्तरांचा मुलगा वडिलांकडे निरखून पाहू लागला. सूनही पाहू लागली. रामजी मांडवाच्या खांबाजवळ उभा होता, त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. मास्तर एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे पाहत होते. कोण काय म्हणालं, हे त्यांना कळत नव्हतं. मग ते हसले आणि त्यांनी हळूहळू मान डोलवायला सुरुवात केली.

माझ्या हातातला भाता थांबला. मी सुरपेटी खाली ठेवली आणि मास्तरांच्या मागून निघून त्यांच्यापुढे, त्या सगळ्या लोकांसमोर येऊन उभी राहिले. आवाज पार मागे आचाऱ्यापर्यंत गेला, असं इंदू नंतर म्हणाली.

"मास्तरांना काही बोलू नका. सुरू करा म्हणून मागून बोट लावून खूण मी केली होती. चूक माझी आहे."