विनाकारण चालण्याचा परवाना

बनुबाई लालासाहेब जगदाळे, वय एक्कावन्न, यांनी सोमवारी संध्याकाळी साडेपाच वाजता चपला घातल्या आणि त्या काही काम नसताना घराबाहेर निघाल्या. कृष्णाकाठच्या त्या गावात असा प्रकार यापूर्वी घडलेला नव्हता.

विश्रामबागच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "मावशी, रोज अर्धा तास सावकाश चाला आणि अर्धी भाकरी कमी खा. भूक लागली म्हणून ओरडणारं एक हार्मोन असतं, पोट भरलं म्हणून सांगणारं दुसरं. दोन्ही हळूहळू ताळ्यावर येतील. उपास मात्र नको, पहिलं आणखीच ओरडेल."

सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या लालासाहेबांना हे तत्काळ पटलं. "म्हंजे एक बिगुलवाला आन् एक सेंट्री. तुजा बिगुलवाला लय माजलाय."

बनुबाईंना बिगुलाचं काही नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून तीस वर्षांत त्यांना कुणी नुसता अर्धा तास दिला नव्हता. त्याचंच त्यांना अप्रूप वाटत होतं.

उंबऱ्यातच लालासाहेब म्हणाले, "चाललीच हायस तर डेअरीवर किटली दे." मंगळवारी धाकट्या जावेनं डोक्यावर दळण ठेवलं, "चाललाच हायसा तर." आहाराचंही तसंच. ताटातली अर्धी भाकरी कमी झाली, पण नातवंडांनी टाकलेले तुकडे "वाया कशाला घालवायचं" म्हणून त्यांच्याकडेच आले. मिताहार साडेतीन भाकऱ्यांवर गेला.

एवढ्यात वरून 'महिला संप्रेरक समतोल अभियान' आलं. गावात सातजणांची समिती झाली. सातही पुरुष होते, कारण सभेच्या वेळी बायका स्वयंपाकात होत्या. परिपत्रकाचं कलम चार स्पष्ट होतं : व्यायाम हेतुरहित असावा, हेतूसह चालणे हे काम समजण्यात येईल. नोंदी ठेवायला पंचायतीचा कारकून नानासो होता आणि पहिल्या लाभार्थी बनुबाई होत्या.

"मावशी, चाललाच हायसा तर येवढं पाकीट तलाठ्याकडं द्या," असं म्हणून नानासोनं पाकीट दिलं आणि लगेच वहीत लिहिलं, 'पाकीट नेले, सबब काम.' महिनाअखेर हिशेब निघाला : काम एकशे चाळीस किलोमीटर, व्यायाम शून्य मिनिटे. शेरा : लाभार्थी बैठ्या जीवनशैलीची.

"आसं करा, विनाकारण चालायचा परवाना काढा," नानासोनं तोडगा सांगितला. "गळ्यात आडकीवला की कोण काम सांगणार न्हाई."

बनुबाई हरखल्या. अर्जात तिसरा रकाना होता : 'विनाकारण चालण्याचे कारण.' त्यांनी तो मोकळा सोडला. अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. मग त्यांनी 'हार्मोन' असं लिहिलं.

"कारण दिलंसा की वो मावशी!" नानासो हळहळला. "मग ते विनाकारण कसं हुईल?"

तिसऱ्या वेळी बनुबाईंनी खरं तेच लिहिलं : 'अर्धा तास माझा मला पाहिजे.'

समिती हादरली. दोन तास बैठक चालली. मधला चहा बनुबाईंच्याच घरून आला. लालासाहेबांना बोलावून "घरात काय बिनसलंय का?" असं हळूच विचारण्यात आलं, तेव्हा चीनच्या सरहद्दीवर उभ्या राहिलेल्या त्या माणसाची मान खाली गेली. अखेर ठराव झाला : सदर अर्धा तास ही कुटुंबाची सामाईक मिळकत असल्याने सर्व सहहिस्सेदारांची संमती जोडावी.

घरातल्या अकराही जणांनी सह्या केल्या. कुणी खळखळ केली नाही. माणसं मनानं चांगलीच होती. प्रत्येकानं सहीपुढे फक्त एकेक ओळ लिहिली.

परवाना आला. बनुबाईंनी तो गळ्यात घातला आणि त्या कालव्याच्या रस्त्याला लागल्या. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी तो उलटून पाहिला. मागं बारीक अक्षरात अटी होत्या : 'चाललीच असल्यास – किटली, दळण, नातवाचे दप्तर, जावेचे ब्लाऊज शिंप्याकडे...' अकरावी अट लालासाहेबांची होती : 'आणि लवकर ये.'

बनुबाई कालव्याच्या कठड्यावर बसून पोटभर रडल्या. नानासोनं तो वेळ विश्रांतीत धरला.

ही हकीकत लिहीत असताना प्रस्तुत लेखकानं "उठलीच आहेस तर" असं म्हणून आतून तीनदा चहा मागवला. वाचताना तुमचा कितवा झाला?