अर्ध्या कोसाची मोहीम, म्हणजे राहीबाईसाहेबांचे धबधब्यास जाणे

॥ श्री ॥ रानातल्या देवीस आणि तिच्या वाहत्या पाण्यास आधी दंडवत. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सर, भाद्रपद शुद्ध द्वादशी, ते दिवशी जे वर्तमान घडले ते जैसे पाहिले तैसे येथे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहिणे नाही. कारण की त्या दिवशी जे जे मानकरी भिजले त्यांची मुलेबाळे अद्याप हुद्द्यांवर आहेत आणि त्यांस राग लवकर येतो. लेखकाने आपलेही नाव लिहिले नाही, कारण तोही भिजला.

तर त्या राज्यात मातुश्री राहीबाईसाहेब म्हणून राजमाता. त्यांचे माहेर डोंगरपायथ्याचे, वडील गावचे पाटील. गावामागे दाट रान आणि रानात अर्ध्या कोसावर धबधबा. वाट सोपी, चढ म्हणावा तर गाभण म्हशीसही धाप लागू नये इतका. बाईसाहेब चौदा वर्षांच्या असता लग्न होऊन राजवाड्यात आल्या, आणि निघाल्या त्या दिवशी सकाळी आपली मैत्रीण ठमी हिजसंगे धबधब्याखाली उभ्या राहून न्हाल्या, आणि निघते समयी बोलिल्या की, "ठमे, आले म्हणजे पुन्हा इथेच दोघी उभ्या राहू." मग पहिल्याच श्रावणात त्यांनी राजवाड्यात गोष्ट काढली की धबधब्यास जावयाचे आहे. येथून मोहिमेस आरंभ जाहला. आता राजस्त्रीने पायी अर्धा कोस जावे हा काही लहान मामला नव्हे. पहिल्या वर्षी हेर पाठविले, आणि त्यांनी चहूंकडून शोध करून खबर आणिली की धबधबा आहे खरा. तोवर मार्गशीर्ष उजाडला आणि पाणी आटले. दुसऱ्या वर्षी मुहूर्त पाहिला तो फाल्गुनातला निघाला. मग राहुट्या कोणत्या रंगाच्या असाव्या यात तीन वर्षे गेली. मग निघाला मानाचा तंटा: वाट एका माणसाची आणि पुढे चालण्याचा मान सात घराण्यांचा. तो तंटा अकरा वर्षे चालला आणि तोडगा ऐसा निघाला की सातांनीही मागे चालावे, आणि मग पुढे कोणी चालावे हे ठरविण्यास आणिक चार वर्षे लागली. एणेप्रमाणे दरसाल तयारी होत असे आणि दरसाल तयारी पुरी होईतो खडक कोरडा पडत असे, आणि बाईसाहेब खिडकीतून डोंगराकडे पाहून म्हणत की, "बरे, पुढल्या पावसात." ऐशी एक्केचाळीस वर्षे जाहली.

त्या सालच्या आषाढात बाईसाहेबांची दृष्टी मंद जाहली. वैद्यांनी औषध घातले, भाद्रपद लागता पुन्हा डोळे पाहिले, आणि बाहेर येऊन कारभारी अंताजीपंत यांस हळूच सांगितले की, "मोतीबिंदू पिकत चालला आहे. सध्या भर दुपारच्या उन्हात स्वच्छ दिसते, सावलीत धूसर. पुढला पाऊस या डोळ्यांस दिसणार नाही." बाईसाहेब पडद्याआड होत्या त्यांनी ते ऐकिले, आणि रडल्या नाहीत, आणि इतकेच बोलिल्या की, "पंत, मग यंदा तरी मला ते पाणी दाखवा." अंताजीपंत भला माणूस, परंतु डोळ्यांत पाणी आणि डोक्यात रिवाज ही दोन्ही त्याजपाशी सदैव भरलेली. त्याने पायांस हात लावून शपथ घेतली की आठ दिवसांत धबधबा दाखवीन, नाही तर पगडी उतरून ठेवीन. महाराज त्या समयी सरहद्दीवर होते, विचारावयास दुसरा कोणी नव्हता, म्हणोन पंतांनी मुहूर्त सोडिला, राहुट्या सोडिल्या, मानाचा तंटाही गुंडाळून ठेविला. परंतु एक रिवाज सोडवेना. तो हा की, त्या राज्यात राजघराण्याचे पाऊल वाहत्या पाण्यात बुडू नये. बुडाले तर राज्याची लक्ष्मी त्या पाण्यासंगे वाहून जाते, ऐसे पूर्वापार मानीत आले. आणि धबधब्याच्या वाटेत तर ओढा आडवा. पालखी त्या वाटेने जात नाही आणि ओढ्यावर लाकडी साकव घालावयास पंधरा दिवस पाहिजेत. तेव्हा पंत दोन रात्री जागे राहून तिसऱ्या सकाळी हसतमुखे बाहेर आले आणि बोलिले, "ओढ्यासच रजा देऊ." मग साठ बेलदार वर डोंगरावर पाठवून, धोंडे, माती आणि घोंगड्या घालून बांध घातला आणि पाणी पलीकडल्या घळीत वळविले. ओढा खडखडीत कोरडा जाहला. पंतांनी बेलदारांस शाबासकी देऊन घरी पाठविले. धबधबा त्याच ओढ्याचा, हे पंतांस, सात घराण्यांस आणि प्रस्तुत लेखकास, कोणासही सुचले नाही. राजधानीत पाणी रांजणातून येते. ते कोठून कोठे जाते याचा विचार आम्ही कधी केला नव्हता.

मग द्वादशीस प्रातःकाळी स्वारी निघाली. पाऊस उघडला होता, आकाश धुतल्यासारखे. पायथ्याशी ठमाबाई काठी घेऊन उभी होती, तिने बाईसाहेबांस पाहून मुजरा न करिता हात धरिला आणि म्हणाली, "राहे, लई येळ लावलास गं." सात घराण्यांनी श्वास रोखिला, परंतु बाईसाहेब हसल्या आणि म्हणाल्या, "तयारी चालली होती." मग दोघी पुढे आणि दरबार मागे ऐसे चालू लागले. काय ती वाट! दोहींकडे तेरडा फुललेला, उताराउतारावर पिवळी सोनकी, बुंध्यांवर शेवाळाचे हिरवे मऊ थर, आणि पानांतून ऊन तुकड्यातुकड्याने पडत आहे. बाईसाहेब दर दहा पावलांस थांबत आणि पान हाती घेऊन नाकाशी नेत. मानकरी मात्र जरीचे जोडे चिखलात रुतून बेजार, आणि एक सरदार खेकडा पाहून किंचाळले. त्यांचे नाव लिहिणे नाही. प्रस्तुत लेखक दरबारचा वृत्तांत लिहिणारा. वृत्तांत आदल्या दिवशीच लिहून ठेवावा हा दरबारचा शिरस्ता, म्हणोन "जळ अपार, दर्शन यथासांग, सर्वांस संतोष" ऐसा कागद त्याच्या कमरेस तयार होता आणि तो निश्चिंतपणे चालला होता.

कोरड्या ओढ्यातून स्वारी पार जाहली. ठमाबाई ओढ्याकडे पाहून कपाळास आठ्या घालून उभी राहिली, मग काठी टेकीत पुढे निघाली. पुढे वळणावर बाईसाहेब थबकल्या आणि कान देऊन म्हणाल्या, "पंत, इथून त्याचा आवाज यायचा. आज का येत नाही?" तेव्हा पंतांनी अदबीने उत्तर केले की, "आईसाहेब, खाशी स्वारी येते म्हणोन पाणी अदबीने गप्प आहे." इतक्यात पुढे गेलेला जासूद पांढराफटक होऊन आला आणि पंतांच्या कानी लागला की, "धबधबा नाही! कडा कोरडा आहे, थेंब नाही!" पंतांचा चेहरा ऐसा जाहला की प्रस्तुत लेखकाने लाडू तोंडाशी नेला होता तो तसाच राहिला. मग पंतांनी जांभळीखाली फराळाचा मुक्काम सांगितला, आणि दोघी म्हाताऱ्या दशम्या खात आहेत तोवर पिण्याचे पाणी वाहणारे सोळा पखालजी आडवाटेने कड्यावर चढविले आणि हुकूम दिला की, स्वारी कड्याखाली येताच पखाली ओतावयास लागा. बाईसाहेबांस दिसते धूसर. चालून जाईल, ऐसा विचार.

स्वारी कड्याखाली आली. वरून पाणी पडले. मग थांबले. मग पडले आणि पुन्हा थांबले. बाईसाहेब वर तोंड करून उभ्या, कपाळावर हाताची सावली धरिली आहे, आणि त्यांनी विचारिले, "ठमे, धबधबा थांबून थांबून कधीपासून पडायला लागला?" ठमाबाई म्हणाली, "दम खातोय बिचारा. आगं, वर माणसं हायती!" आणि तेवढ्यात एक भरली पखाल कोणाच्या हातून निसटली ती पंतांच्या पुढ्यात डबक्यात येऊन आपटली. बाईसाहेब एका शिळेवर बसल्या. त्यांस राग आला असता तर बरे होते; राग आला नाही. त्या बोलिल्या, "पंत, एक्केचाळीस वर्षे मी तुमची तयारी पाहिली. डोळे जायच्या आधी एकदा पाणी पाहावे म्हणून आले होते. तुम्ही मला पखाल दाखवलीत." हे शब्द ऐकोन पंतांनी पगडी उतरून चिखलात ठेविली, लहान लेकरासारखे रडले, आणि बांधाचे सारे खरे सांगितले. राजपाऊल भिजू नये म्हणोन ओढा वळविला आणि ओढ्यासंगे धबधबा गेला, इतके सांगता सांगता ते तीनदा अडखळले. ऐकता ऐकता बाईसाहेबांनी ठमाबाईकडे पाहिले आणि ठमाबाईने बाईसाहेबांकडे, आणि दोघींस हसू फुटले ते आवरेना. पोट धरून हसल्या. मग ठमाबाई डोळे पुसून वर पाहून म्हणाली, "हसणं ऱ्हाऊ द्या. ऊन डोईवर आलंय. दोन घटकांत ते कड्याआड जाईल, मग राहीला काय बी दिसायचं न्हाय. बांध फोडाया कोण जातंय?"

बेलदार घरी गेलेले. पखालजी सोळा, तेही दमून आडवे पडलेले. पंतांनी एकवार सात घराण्यांकडे पाहिले, धोतराचा काचा मारिला, पगडी पुन्हा डोक्यावर चढविली आणि साठ वर्षांचा तो माणूस शेळ्यांच्या वाटेने कड्यावर चढू लागला. मग सात घराणीही निघाली, आणि पुढे कोण, मागे कोण हे त्या दिवशी कोणी विचारिले नाही. वर बांधापाशी जाऊन सरदारांनी शेले कमरेस बांधून धोंडे उपसले, चिखलात हात घातले, घोंगड्या ओढिल्या, आणि खेकड्यास भ्यालेले सरदार सर्वांत पुढे होते हे मुद्दाम लिहितो. प्रस्तुत लेखकानेही एक धोंडा उचलिला. लहान होता, परंतु उचलिला. पंत छातीइतक्या पाण्यात उभे राहून शेवटला मोठा धोंडा हलवीत होते, आणि तो हलला, आणि मग जे जाहले ते ऐसे की, तीन दिवसांचे कोंडलेले पाणी हुंकार देऊन निघाले, त्याने झाडून साऱ्या दरबारास लोळविले, पंत एका उंबराच्या मुळीस धरून वाचले, आणि त्यांची पगडी सर्वांआधी कड्यावरून खाली गेली. लेखकाच्या कमरेचा कागदही गेला.

आम्ही भिजलेले सारे कड्याच्या काठी पोटावर पडून खाली पाहू लागलो. ठमाबाई रानातली शहाणी बाई. तिने पहिला लोंढा जाईतो बाईसाहेबांस खडकाच्या आडोशास धरून ठेविले होते. लोंढा गेला, पाणी गढूळ होते ते निवळले, आणि पांढरा स्वच्छ धबधबा उन्हात उभा राहिला. मग दोघी म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून ओढ्यात उतरल्या, राजपाऊल घोट्याइतके बुडाले, मग गुडघ्याइतके, आणि दोघी थेट धारेखाली जाऊन उभ्या राहिल्या. बाईसाहेबांनी वर पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. तोंडावर पाणी घेतले, ओंजळीत घेतले, उन्हाकडे धरून पाहिले. मग वळून ठमाबाईकडे ऐशा न्याहाळून पाहू लागल्या की जणू आताच भेट जाहली, आणि मोठ्याने बोलिल्या, ते आम्हांस वरपर्यंत ऐकू आले: "ठमे! तू म्हातारी झालीस गं!" ठमाबाईही तितक्याच मोठ्याने ओरडली, "मग? तुजा दरबार तयार होईस्तवर काय पोरगीच ऱ्हाऊ व्हय?"

पंत वर मुळीस धरून होते ते हे ऐकोन हसले, आणि हसता हसता पुन्हा रडले, आणि लेखकाचीही तीच गत जाहली. येते समयी बाईसाहेब वाहत्या ओढ्यातून चालत आल्या, हाती पंतांची ओली पगडी. राज्याची लक्ष्मी वाहून गेल्याचे कोठे आढळले नाही. त्या साली पीक बरे आले. पुढल्या पावसात वैद्यांचे म्हणणे खरे जाहले आणि बाईसाहेबांस दिसेनासे जाहले. तरी त्या गेल्या. संगे ठमाबाई आणि एक काठी, इतकीच तयारी. वळणावर आवाज येताच बाईसाहेब थबकल्या आणि म्हणाल्या, "आज अदब नाही वाटतं," आणि चालू लागल्या. त्यानंतर सहा पावसाळे दोघी गेल्या, एकही साल चुकले नाही.

तात्पर्य वर्तमान इतके. मोहिमेचे अंतर अर्धा कोस. जाण्यास लागली वर्षे एक्केचाळीस, येण्यास एक घटका. आदला कागद वाहून गेला ते बरे जाहले. हा मागाहून लिहिला आहे, ओल्या हाताने, म्हणोन अक्षर फुटले असल्यास वाचणाराने क्षमा करावी. लेखनसीमा.